ताट एकाचं, फोटो दुसऱ्याचा

"हे ताट माझ्या बाबांचं आहे!"

पहिल्या भेटीत माणसं नाव-गाव विचारतात, फार तर उकाड्याबद्दल बोलतात. भूमिका भोईरने मात्र सरळ समोरच्याच्या ताटावर हक्क सांगितला. काशीगावातल्या हार्डवेअरच्या दुकानात, बादल्यांच्या चळतीशेजारी स्टुलावर बसून जेवणाऱ्या त्या चष्मेवाल्या तरुणाचा घास हवेतच थांबला.

"नाही हो... माझंच आहे," तो गडबडून म्हणाला. "आमटी मी केली. भाकरीसुद्धा. जरा वाकडी झालीय, पण माझीच आहे."

"निळ्या काठाचं ताट, पंख्यासारखी काकडी, कोपऱ्यात गाजराचं फूल! दोन महिने रोज दुपारी बघतेय मी हे!"

आता तुम्हाला वाटेल, पोरीचं डोकं फिरलं. तसं काही नव्हतं. भूमिका भाईंदरला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. दवाखान्याच्या बेसिनचा नळ गळायला लागला म्हणून वॉशर न्यायला ती भरदुपारी बाबांच्या दुकानात आली होती. एरवी या वेळी ती तिथे फिरकायची नाही. या वेळी ती आपल्या खुर्चीत बसून फोनवर बाबांचं जेवण बघत असायची. बाबांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघाल्यापासून तिने त्यांच्या फोनमध्ये 'मिताहार' नावाचं ॲप टाकलं होतं. ताटाचा फोटो काढायचा, की ॲप मिठाचा अंदाज सांगायचं आणि फोटो भूमिकाकडे पोचायचा. रोज हेच देखणं ताट, खाली नाव हरिश्चंद्र भोईर. रोज ती त्यावर लाल बदाम टाकायची. आणि तरी बाबांचं प्रेशर खाली यायचं नाव घेत नव्हतं.

"बाबा कुठायत?"

तरुणाने बोटाने मागची बाजू दाखवली आणि लगेच ते बोट आमटीत लपवलं.

मागे सिमेंटच्या गोणीवर हरिश्चंद्र भोईर प्रसन्न मुद्रेने बसले होते. पुढ्यात तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, तळलेले पापड आणि करवंदाचं लोणचं. लेकीला बघताच त्यांनी पापडावर भाकरी पांघरली.

"बाबा!"

"काय झाला गं?"

"फोटो दुसऱ्याच्या ताटाचे पाठवत होतास तू मला? नाव हरिश्चंद्र, आणि धंदे हे?"

"खोटा कुटं बोल्लो? ॲप इचारतंय, आजचा ताट दाखवा. मी आजचाच ताट दाखवला. खाल्ला कोनी, हा त्याना कवा इचारलाच न्हाय."

भूमिकाला रडावं की हसावं कळेना. तिला रडूच आलं. कारण हा चेष्टेचा मामला नव्हता. थोरले काका, पंढरीनाथ, असंच हसत हसत लोणचं खायचे. 'सोडला मीठ, शपथ' असं म्हणायचे. एका सकाळी अंगणात अर्धांगाचा झटका आला आणि महिन्याभरात गेले. तेव्हापासून बाबा जिना चढताना थांबले तरी भूमिका धावत बघायला जायची. आई तर आधीच गेलेली. घरात ती आणि बाबा, दोघंच.

पण बाबांचीही बाजू होती. भोईरांची पूर्वी मिठागरं होती. मिठागरं गेली, तिथे टॉवर आले, पण मिठाचा मान राहिला. पेणकरपाड्यापासून काशीगावापर्यंत कुणाच्याही घरी हळद असो, रश्श्याची पहिली पळी हरिश्चंद्र भोईरांची. त्यांनी चव घ्यायची, 'बसवा पंगत' म्हणायचं, मग लोक पानावर बसायचे. ज्याच्या जिभेवर गाव जेवतं, त्याला अळणी खायला सांगायचं? त्यांना ते पागोटं उतरवून ठेवल्यासारखं वाटत होतं.

भूमिका डोळे पुसत पुढे आली. तो तरुण डबा आवरून उभाच होता.

"मी कौस्तुभ. वरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मला खरंच माहीत नव्हतं हो. काका म्हणाले, 'इथं पंख्याखाली जेव, पन ताटाचा एक फोटो काढू दे. माझी पोर बघते.'"

"आणि तुम्ही काढू दिलात?"

"मग त्यांनी दुसऱ्या दिवशी तुमचा लाल बदाम दाखवला..." त्याचे कान लाल झाले. "तिसऱ्या दिवशी तुम्ही लिहिलं होतंत, 'वा! किती गोड दिसतंय!'"

"ते काकडीला होतं!"

"हो, ते आत्ता कळलं. मला वाटलं, काका आडून आडून स्थळ बघतायत. म्हणून मग मी जरा... गाजराचं फूल वगैरे."

आता सांगा, यावर एखाद्या मुलीने काय करावं? भूमिका रागाने बघायला गेली आणि हसली. हसली ती हसलीच. वॉशर न घेताच दवाखान्यात परत गेली, आणि बेसिनचा नळ पुढे दोन दिवस गळत राहिला.

पण पोर पक्की होती. दुसऱ्याच दिवशी तिने फर्मान काढलं. कौस्तुभने दोन डबे आणायचे, भाजी-पीठ ती पुरवेल. बाबांनी त्याच्या शेजारी बसून जेवायचं, आणि फोटोत ताटासोबत बाबांचं तोंड हवं, तोंडात घास हवा.

कौस्तुभ राजी झाला. तो आईबरोबर दादरहून मीरा रोडला राहायला आलेला. ऐन तिशीत एका रक्तदान शिबिरात गेला, तर डॉक्टरांनी रक्त घ्यायचं सोडून त्यालाच झोपवलं आणि दोनदा प्रेशर मोजलं. तेव्हापासून वर्षभर तो मिठाला जपून होता. आई रोज म्हणायची, "असं आजाऱ्यासारखं जेवणाऱ्याला मुलगी कोण देणार?"

मग फोटो यायला लागले. पहिल्या आठवड्यात बाबांचा चेहरा असा, जणू कुणी तोंडात खडू कोंबलाय. खाली ॲपची शाबासकी, 'उत्तम निवड!' आणि त्याखाली या दोघांचं सुरू व्हायचं.

'बाबा हसत का नाहीयेत?'

'दुधीला हसू येत नाही म्हणतायत.'

'लिंबू पिळा ना जरा. जिरं भाजून घाला.'

'घातलं. आता म्हणतायत, लिंबू बरा आहे, दुधी काढून घ्या.'

'आणि तुम्ही हसत का नाही?'

'मी फोटोत नाहीये.'

'तेच विचारतेय...'

हे पाठवून भूमिकाने फोन पालथा ठेवला आणि दाढ उपटून बाहेर आलेल्या आजोबांना 'अभिनंदन' म्हणाली.

रविवारी दोघं मिळून भाईंदरच्या बाजारात सामान घ्यायची. बाबांसाठी हो, अर्थात बाबांसाठीच. कौस्तुभ एकेका पुडक्यामागचं बारीक छापलेलं वाचून दाखवायचा. "मीठ फक्त मिठाच्या डब्यात नसतं. पावात असतं, सॉसमध्ये असतं, बिस्किटातसुद्धा असतं. हे गोड बिस्किट बघ, किती साळसूद दिसतंय..."

"काही माणसंही अशीच दिसतात."

"कोण?"

"आहेत एक सर."

एकदा फरसाणाच्या दुकानात त्याने पापडीच्या पाकिटावर कॅमेरा धरला आणि ॲपचा आवाज चुकून मोठा राहिला. "सावधान! मिठाचं प्रमाण फार जास्त!" ॲपमधली बाई अशी काही ओरडली, की रांगेतल्या तिघांनी हातातली पाकिटं खाली ठेवली.

"अरे भाई," गल्ल्यावरचे शेठ हात जोडून म्हणाले, "ये मॅडम को बाहर ले जाओ, मेरा धंधा बैठ जाएगा!"

"मैं?" भूमिका म्हणाली.

"तमे नही बेन, फोनवाली मॅडम!"

दोघं बाहेर पळाली आणि पायरीवर बसून पोट धरून हसली. हसता हसता तिच्या ओढणीचं टोक त्याच्या घड्याळात अडकलं. सोडवायला दोन क्षण पुरले असते. त्याने बराच वेळ घेतला.

"तुझं नखच लागत नाहीये नीट," ती म्हणाली.

"लागतंय," तो हळूच म्हणाला. "पण घाई काय आहे?"

इतकं छान चाललेलं. बाबांचा आकडाही उतरला होता. पण डॉक्टरांनी त्याच सुमारास गोळीही बदलली होती. त्यामुळे गुण गोळीचा की दुधीचा, कुणास ठाऊक! डॉक्टर म्हणाले होते, "जेवण खरंच सांभाळलं असेल तर काळजी नाही. पण घरी एक आणि बाहेर एक असेल, तर हा आकडा फसवा आहे." 'फसवा' हा शब्द भूमिकाच्या मनात रुतून बसला.

आणि एके दिवशी दुकानात पेन शोधताना तिने खण उघडला, तर आत करवंदाच्या लोणच्याची बरणी. अर्धी रिकामी.

"ती माल उतरवनाऱ्या पोरांची हाय!" बाबा कळवळून म्हणाले. "तुजी शपथ! मी हातसुदा लावला न्हाय."

शपथ म्हटल्यावर भूमिकाच्या डोळ्यांपुढे पंढरीनाथकाका आले. ती तरातरा जिना चढून क्लासच्या दारात गेली. कौस्तुभ फळा पुसत होता.

"तुला माहीत होतं ना? क्लासमध्ये मुलांची कॉपी पकडतोस, आणि खाली शेजारी बसून माझे बाबा लोणचं खातात ते दिसत नाही?"

"भूमिका, ते नाही खात. मी रोज बरोबर असतो."

"जेवताना. आणि इतर वेळी?"

"इतर वेळी मी त्यांच्यावर पाळत नाही ठेवत. मला त्यांचा शब्द पुरतो."

"मला नाही पुरत! काकांनीपण शब्दच दिला होता. त्यांना खांदा देताना मी बाबांना बघितलंय, कौस्तुभ. तुझं काय जातंय? बाबा माझे आहेत..."

त्याचा चेहरा पडला. "खरं आहे," तो डस्टर खाली ठेवत म्हणाला. "माझे नाहीत. मला उगाच वाटायला लागलं होतं."

त्यानंतर फोटो येत राहिले, पण खाली कुणी काही लिहीना. ॲप एकटंच म्हणायचं, 'उत्तम निवड!' भूमिकाला त्या बाईच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

अशात आली चांदणीची हळद. चांदणी म्हणजे उर्मिलाआत्याची मुलगी, पेणकरपाड्याची. दारात मांडव, मागच्या अंगणात भल्यामोठ्या टोपात मटणाचा रस्सा रटरटत होता. भूमिकाने बाबांना परोपरीने विनवलं, "नको ना जाऊस पळीला. आत्याला सांगते मी."

"चव घेनं म्हंजे जेवनं न्हाय," बाबा टोपी नीट करत म्हणाले. "भाचीची हलद हाय. मी न्हाय गेलो तर लोक काय बोलतील?"

आणि गेले. आचारी रघूने मानाने पळी पुढे केली. बाबांनी रस्सा तळहातावर घेतला, फुंकला, जिभेला लावला. डोळे मिटले. सगळे कामाचे हात थांबले.

"खारट," बाबा म्हणाले.

रघू चमकला. "दादा, दर टायमाच्याच मापान घातलाय. तुमीच शिकवलेला माप."

"रघ्या, मना माप सांगतंस? मिठागरवाल्याला? खारट म्हंजे खारट. तोंडात घेवत न्हाय."

आता हरिश्चंद्र भोईरांच्या जिभेपुढे कोण बोलणार? बटाटे चिरून पडले. कणकेचे गोळे पडले. आधणाचं पाणी हंड्याने ओतलं. बाबांनी पुन्हा चाखलं, "जरा हाय अजून," म्हणाले, आणि आणखी एक हंडा गेला. मग एकदाचं म्हणाले, "बसवा पंगत."

दिवेलागणीला पंगत बसली. पहिला घास गेला आणि मांडवात अशी शांतता पसरली, की बाहेर उभ्या रिक्षाचा मीटर ऐकू यावा. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एका म्हाताऱ्याने रश्श्यात बोट बुडवलं, चाखलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "माजीच जीभ गेली का रं?"

"न्हाय, माजीपन गेली."

"मीठ! मीठ आना!" एकदम गलका उठला. उर्मिलाआत्या पदर खोचून रघूवर धावली. "रघ्या, हलद हाय का हॉस्पिटल?" रघूने शांतपणे बोट दाखवलं, थेट बाबांकडे.

बाबांनी घाईने वाटीभर रस्सा घेतला, प्यायले, आणि सगळ्या मांडवादेखत प्रामाणिकपणे म्हणाले, "बराबर तं हाय. उलट जरासा जास्तच हाय मीठ."

मग मांडव फुटला. कुणी हसतंय, कुणी चिडतंय. "हरिश्चंद्राची जीभ गेली!" मागून कुणीतरी ओरडलं. बाबा हातात वाटी धरून तसेच उभे. चेहरा पार उतरलेला.

आणि भूमिका? तिच्या हातात भाकऱ्यांची टोपली होती, ती तिने होती तिथे ठेवून दिली. तिला एकाएकी सगळं लख्ख कळलं. फोटो खोटा काढता येतो. शपथ खोटी घेता येते. गोळी आकडा खाली आणते. पण रोज चोरून लोणचं खाणाऱ्याला हा रस्सा खारट लागलाच नसता! जीभ बदलली होती बाबांची. ते खरंच जेवले होते, रोज, तो नकोसा दुधी.

ती धावत गेली आणि भर मांडवात बाबांच्या गळ्यात पडली. "खाल्लं नाहीस तू! बाबा, तू खरंच नाही खाल्लंस!"

"मंग? मी काय खोटा बोललेलो?" बाबांनी वाटी खाली ठेवली. "पन आता मना कोन बोलवल गं हलदीला?"

भूमिकाने त्यांचा हात घट्ट धरला. तेवढ्यात पंगतीच्या अगदी टोकाकडून आवाज आला, "रस्सा वाढा हो इकडे!"

सगळ्यांच्या माना वळल्या. कौस्तुभ होता. बाबांनी त्याला स्वतः आग्रहाने बोलावलं होतं. पान लख्ख, नाकाच्या शेंड्यावर घाम. "तिसऱ्यांदा मागतोय," तो वाढप्याला म्हणाला. "वर्षभरात पहिल्यांदा कुठल्या कार्यात पोटभर जेवतोय मी. काका, काय जमलाय रस्सा!"

मांडवात पुन्हा हशा पिकला, पण या वेळी त्यात डंख नव्हता. बाबांच्या मिशीतही काहीतरी हललं. त्यांनी पळी उचलली, थोडा विचार केला आणि भूमिकाच्या हातात दिली.

"तू बघ. तुजी जीभ भोईरांचीच हाय, आनि बिघडलेली न्हाय."

भूमिकाने रस्सा तळहातावर घेतला, फुंकला, चाखला. "रघूदादा, तीन मुठी मीठ. आणि थोडा खडा मसाला, पाणी फार झालंय." रघूने घातलं. तिने पुन्हा चाखलं, मान डोलावली. दुसरी पंगत बोटं चाटत उठली, आणि आत्याचा पदर पुन्हा खांद्यावर आला.

मग कौस्तुभ हात धुवायला मांडवामागे गेला. त्याच्यामागून भूमिका गेली, हातात तांब्या घेऊन.

"मी तुला फार बोलले," ती त्याच्या हातावर पाणी घालत म्हणाली. "बाबांवरही विश्वास नाही ठेवला, आणि तुझ्यावरही. मला भीती वाटते रे. फार वाटते."

"माहितेय." पाणी संपलं तरी त्याने ओंजळ मागे घेतली नाही. "भूमिका... मला जन्मभर हे असंच जेवायचंय. कमी मीठ, दुधी, काकडी. म्हणजे मी काय म्हणतोय... तुला जर चालणार असेल... आमच्या घरी..."

"तू मागणी घालतोयस की मेन्यू सांगतोयस?"

"दोन्ही एकदमच सांगतोय. नंतर फसवलं म्हणायला नको."

"मी अळणी खाणार नाही हं. पापड खाणार. लोणचं खाणार. तुझ्यासमोर बसून, चाटून चाटून."

"खा. मी बघत बसेन."

"नुसतं बघशील?"

"आता नाही, काका आलेत मागे," तो पुटपुटला.

भूमिका गर्रकन वळली. बाबा खरंच उभे होते, कमरेवर हात ठेवून. कधीपासून उभे होते देव जाणे. बाबांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि गंभीरपणे म्हणाले, "एक अडचन हाय."

"काय, काका?" कौस्तुभचं प्रेशर त्या घडीला कुणी मोजायला हवं होतं.

"तुमच्या हलदीला पली कोन घेनार? ही तं पाटावर बसलेली. नवरी काय हलद माखून चुलीकडं येनार?"

भूमिकाने तांब्या खाली ठेवला. "पहिली पळी तुझीच," ती म्हणाली. "मान तुझा, बाबा. तू म्हणशील तसा रस्सा. मग रघूदादा त्याच्या मापाने मीठ घालेल."

बाबांनी हात पुसायला आपल्या खांद्यावरचा पंचा काढून कौस्तुभला दिला.

"चालल," ते म्हणाले. "पन रघ्याला सांगून ठेव, मीठ घालाच्या आदी दोन पानं मांडायची. एकावर ह्यो बसल, आनि त्याच्या बाजूला मी."